काँक्रीटची शेड आणि तिसरे छिद्र : चिखलीच्या निमित्ताने एक टिपण

विद्युतीकरणाचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः वीजकेंद्रे व मंडळे यांच्या सनावळीवर भर देतो. बुलढाणा जिल्ह्यापुरती ती सांगावयाची तर १९५६ मध्ये विदर्भासह हा जिल्हा मुंबई राज्यात आला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक केंद्र १९६१ मध्ये सुरू झाले. परंतु चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या शेडमध्ये माणसाचा हात विजेशी जेथे प्रत्यक्ष पोहोचतो, तो खटका व तो सॉकेट या सनावळीत आढळत नाहीत. प्रस्तुत टिपणाचा विषय तेच होत.

लाकूड व पत्रा यांच्या शेडमध्ये तारकाम सोपे असे. लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोकावी, तीवर क्लिपांनी तार बसवावी, लाकडी बोर्डावर खटके लावावेत. विटांच्या भिंतीतही लाकडी गुट्टी पुरून काम भागे. काँक्रीट मात्र सहजी खिळा घेत नाही. तेथे कंड्यूट पाइप व पेटी ओतकामापूर्वीच सळ्यांना बांधून ठेवावी लागते. नाहीतर पाइप भिंतीवरून उघडा न्यावा लागतो. परिणामी वायरमनचा निर्णय गवंड्याच्या कामाआधी घेणे प्राप्त झाले आणि झालेली चूकही भिंतीत गाडली जाऊ लागली.

काँक्रीट विजेला अडविते हा समज सर्वस्वी खरा नाही. दुसऱ्या महायुद्धकाळात ॲरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात बाँबकोठारांसाठी काम करताना हर्बर्ट उफर यांनी पायातील काँक्रीटमध्ये गाडलेल्या सळ्यांचाच भूसंपर्कासाठी उपयोग केला. ओलसर काँक्रीटच्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला कामगार सदोष यंत्राला शिवला, तर हाच गुण त्याच्या जिवावर बेततो.

या धोक्यावरील उपाय म्हणजे सॉकेटचे तिसरे छिद्र. आपल्याकडील गोल पिनांचा प्लग १९३४ च्या ब्रिटिश मानकाच्या वळणाचा आहे. त्यातील भूसंपर्काची पिन लांब व जाड असते. ती प्रथम जोडली जाते व शेवटी सुटते. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी भूसंपर्क आवश्यक ठरविला, तसेच न्यूट्रलवर एकटा खटका बसविण्यास मनाई केली. कारण तसा खटका बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. या नियमांची जागा पुढे २०१० च्या व त्यानंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली.

तथापि तिसऱ्या छिद्रामागे तार नसली तर नियम कागदावरच राहतो. लोखंडी पाइप सांध्यांत नीट जोडलेला असल्यास तो स्वतःच भूसंपर्काचा मार्ग होऊ शके. प्लॅस्टिकचा पाइप आल्यावर तो मार्ग नाहीसा झाला व स्वतंत्र तार अनिवार्य ठरली. शिवाय काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो. भूसंपर्काच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालून वेळोवेळी पाणी ओतण्याची रीत याच कारणाने पडली.

म्हणून एखाद्या गावी वीज केव्हा आली, एवढे विचारून अभ्यासकाने थांबू नये. तिसरे छिद्र जमिनीशी खरोखर केव्हा जोडले गेले, हेही विचारावे. कामगाराच्या दृष्टीने विद्युतीकरण तेथेच पूर्ण होते.