रद्दीतला अर्थेतिहास

पेण-रोह्याच्या रद्दीवाल्यांकडून मी जुनी उद्योगविषयक मासिके किलोच्या भावाने घेतो आणि कासूच्या घरी जपून ठेवतो. यंत्रांच्या जाहिराती, मालाच्या किमती यांतून त्या काळचा बाजार कळतो. राबणारा हात मात्र ‘मजुरी’ या एका शब्दात गडप होतो. त्याला नाव नाही, जात तर नाहीच.

१९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. त्यामागे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा होता. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. त्यामागे शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये होते. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. म्हणजे जाहिरातीची जागासुद्धा सर्वांना विकत मिळत नव्हती! हा अर्थेतिहास नव्हे काय?

आमचा हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता आणि जिल्ह्यात खोती होती. खोताच्या जमिनीत नांगर धरणारे कूळ शोधायचे, तर १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई प्रांताच्या विधानसभेत मांडलेले खोती निर्मूलनाचे विधेयक उघडावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, ही मासिके रद्दीत जाऊ देऊ नका. मात्र ‘मूकनायक’ शेजारी ठेवूनच ती वाचा. नफ्याचा हिशेब एकात सापडेल. तो कोणाच्या घामातून आला, हे दुसऱ्याला विचारावे लागेल.