रुग्णाचा रिपोर्ट सीमेपार जातो तेव्हा

परवा एक काकू गुडघ्याचा एमआरआय दाखवायला आल्या. हातात फिल्म नव्हती, कागदावर छापलेली एक लिंक होती. "मुलाने न्यू जर्सीत रात्रीच उघडून बघितला, तिथल्या डॉक्टरांनाही दाखवला," त्या कौतुकाने म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण डॉक्टर, हा फोटो ठेवलाय तरी कुठे? आपल्याकडे की तिकडे?"

मी "क्लाऊडवर" असं म्हणून मोकळा झालो, पण ते काही उत्तर नव्हे. क्लाऊड म्हणजे ढग नाही. कुणीतरी बांधलेल्या मोठ्या इमारतीतले संगणक, ज्यांच्यावरची जागा हॉस्पिटल किंवा लॅब भाड्याने घेते. ती इमारत पुण्यात असेल, आयर्लंडमध्येही असेल. काकूंना पडलेला प्रश्न गेली पन्नास वर्षं सरकारांनाही पडला आहे. त्याचा इतिहास समजून घेतला, तर आपल्या रिपोर्टची काळजी कशी घ्यायची हेही कळतं.

सुरुवात स्वीडनपासून

रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा वैद्यकीचा जुना नियम. केसपेपर कपाटात असत आणि किल्ली डॉक्टरांकडे, तोवर तो पाळणं सोपं होतं. संगणक आले आणि हजारो लोकांची माहिती एका टेपवर मावू लागली.

१९७३ मध्ये स्वीडनने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशपातळीवरचा जगातला पहिला कायदा केला. त्यात नागरिकांची माहिती परदेशी पाठवण्यासाठी परवानगीची अट होती. भीती साधी होती: आपला कायदा आपल्या हद्दीत, माहिती हद्दीबाहेर गेली तर दाद कुणाकडे मागायची? उलट प्रत्येक देशाने अशी भिंत घातली तर व्यापार आणि संशोधन अडणार. म्हणून १९८० मध्ये ओईसीडी या देशांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वं आणली. ती तयार करणाऱ्या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष होते ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती मायकेल कर्बी. त्यांचं सार असं: माहिती सीमेपार जाऊ द्या, पण ती जमवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

कराचीहून आलेला ईमेल

ही जबाबदारी सुटली की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर रुग्णाची माहिती बोलून रेकॉर्ड करत आणि ती टाईप होई भारत, पाकिस्तान, फिलिपिन्ससारख्या देशांत. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या या कामावर आपल्याकडेही अनेकांची घरं चालली.

ऑक्टोबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या रुग्णालयाला कराचीतल्या एका महिलेचा ईमेल आला. माझे पैसे मिळवून द्या, नाहीतर तुमच्या रुग्णांची कागदपत्रं इंटरनेटवर टाकते. पुरावा म्हणून खरी कागदपत्रं सोबत जोडली होती. चौकशीत कळलं की रुग्णालयाने काम एका कंपनीला दिलं होतं, तिने फ्लोरिडातल्या एका व्यक्तीला, तिने टेक्सासमधल्या एकाला, आणि त्याने या महिलेला. काम कराचीपर्यंत पोहोचलंय हे रुग्णालयाला माहीतच नव्हतं. थोडे पैसे मिळाल्यावर तिने धमकी मागे घेतली. पण अमेरिकेचा रुग्णगोपनीयतेचा कायदा कराचीत लागू करायला कुणीच नव्हतं.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट सीमा ओलांडण्याची नाही, हात बदलण्याची आहे. प्रत्येक हाताबरोबर जबाबदारी पातळ होत गेली.

इमारत इथे, कायदा तिथला

२००६ मध्ये अॅमेझॉनने साठवणुकीची जागा इंटरनेटवरून भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि आजचा क्लाऊड आकाराला आला. २०१३ मध्ये अमलीपदार्थांच्या एका तपासात अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टकडे काही ईमेल मागितले. ते डब्लिनमधल्या सर्व्हरवर होते. कंपनी म्हणाली, आयर्लंडमधली माहिती अमेरिकी वॉरंटवर देता येणार नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागण्याआधीच मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने 'क्लाऊड अॅक्ट' केला: कंपनी अमेरिकी कायद्याच्या कक्षेत असेल, तर माहिती कुठल्याही देशात ठेवलेली असो, वैध आदेश आल्यावर ती द्यावी लागेल. युरोपच्या न्यायालयाने मात्र युरोपीय नागरिकांची माहिती अमेरिकेला पाठवण्याची व्यवस्था दोनदा रद्द केली, २०१५ आणि २०२० मध्ये. तिथल्या सरकारी पाळतीविरुद्ध आमच्या नागरिकांना पुरेशी दाद मागता येत नाही, हे त्यामागचं एक मुख्य कारण.

म्हणजे "सर्व्हर कुठे आहे?" एवढंच विचारून भागत नाही. तो चालवणारी कंपनी कुठल्या कायद्याला बांधील आहे, हेही तितकंच महत्त्वाचं.

आपल्याकडचा प्रवास

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने पैशांच्या डिजिटल व्यवहारांची माहिती भारतातच साठवायला सांगितली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आरोग्याची माहिती 'संवेदनशील' गटात होती आणि व्यक्तिगत माहितीची एक प्रत देशात ठेवण्याची अट होती. नंतरचं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. २०२३ चा कायदा वेगळ्या वाटेने गेला: माहिती बाहेर जाऊ शकते, सरकारने एखाद्या देशाला मनाई केली तर नाही. आरोग्यासाठी वेगळा संवेदनशील गट त्यात उरला नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

मग सगळं देशातच ठेवलं असतं तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सर्व्हर संस्थेचेच होते, तरी ओपीडीची नोंद कित्येक दिवस हाताने करावी लागली. पत्ता भारतातला असला म्हणून कुलूप आपोआप मजबूत होत नाही.

दुसरी बाजूही पाहू. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूचा जनुकीय क्रम चिनी शास्त्रज्ञांच्या गटाकडून जगासमोर आला. दोनच दिवसांत अमेरिकेत एका लशीचा आराखडा ठरला आणि १६ मार्चला तिचा पहिला डोस माणसाला दिला गेला. तो क्रम सीमेवर अडला असता तर? अर्थात विषाणूची माहिती आणि तुमच्या नावानिशी असलेला एमआरआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाटायची असते, दुसरी सांभाळायची.

मग आपण काय विचारायचं?

२०२३ च्या कायद्यातली एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. हॉस्पिटलने साठवणुकीचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं, तरी रुग्णाला उत्तर हॉस्पिटलनेच द्यायचं. माहिती फुटली तर रुग्णाला कळवायचंही त्यांनीच. कराचीच्या ईमेलने शिकवलेला धडा हाच.

म्हणून पुढच्या वेळी हॉस्पिटलमध्ये किंवा लॅबमध्ये विचारा:

- माझा रिपोर्ट तुमच्याखेरीज कुणाकडे जातो?
- तो किती दिवस ठेवता? लिंक कधी बंद होते?
- संशोधनासाठी वापरलात तर माझं नाव काढता का?
- काही गडबड झाली तर मी कुणाला भेटायचं?

आणि आपल्याकडून एक पथ्य: रिपोर्टची लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ज्यांना दाखवायचा, त्यांनाच पाठवा.

काकू पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा मी स्कॅन सेंटरला फोन करून त्यांच्यासमोरच हे प्रश्न विचारले. पलीकडून दोन उत्तरं लगेच मिळाली, दोनसाठी "विचारून सांगतो" म्हणाले. आम्ही अजून वाट बघतोय.