अंगणातलं संग्रहालय

संग्रहालय म्हटलं, की काचेचं कपाट आणि ‘हात लावू नका’ ही पाटी डोळ्यांपुढं येते. तीन-चार वर्षांच्या मुलाला नेमकं हेच जमत नाही! भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं. माँटेसरीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मोजायचं त्यांवर, नक्षी मांडायची तीही त्यांचीच. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ हा सगळा पसारा घेऊन त्यांच्याच अंगणात गेल्या. ती अंगणवाडी. १९७५च्या सरकारी योजनेत हेच नाव देशभर गेलं. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. त्या १९७३मध्येच गेल्या.