गाडी न चालवताही खराब होते! अंगणात उभ्या कारचं नेमकं काय बिघडतं?

पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे अवैध दारू वाहतुकीत पकडलेल्या गाड्या ठाण्यात जमा होणं इथे नवीन नाही. चालत आलेली गाडी दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढते आणि खटला संपेपर्यंत तिचं भंगार होतं. म्हणूनच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलं होतं, की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही, योग्य ती हमी घेऊन ती लवकर सोडावीत.

पण हेच, जरा हळूहळू, घरच्या गाडीचंही होतं. मुलगा पुण्याला किंवा नागपूरला नोकरीला, गाडी चामोर्शीच्या अंगणात. बाहेर निघते ती दिवाळीला, नाहीतर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला. "वापर नाही म्हणजे झीज नाही" असा आपला समज. मग एखाद्या रात्री कुणाला गडचिरोलीच्या रुग्णालयात न्यायची वेळ येते, अंतर जवळपास तीस किलोमीटर, आणि चावी फिरवल्यावर नुसता टक-टक आवाज येतो.

तर उभ्या गाडीत बिघडतं काय?

सगळ्यात आधी बॅटरी

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि गाडीतला कॉम्प्युटर थोडी थोडी वीज घेत असतात. समजा, ही गळती ३० मिलीअँपिअर आहे. महिन्याला साधारण २२ अँपिअर-तास गेले. लहान कारची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे महिन्याभरात निम्म्याहून जास्त रिकामी! पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ती बराच काळ उतरलेली राहिली, की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि पुन्हा चार्ज करूनही ती पहिल्यासारखी चालत नाही.

टायर आणि ब्रेक

टायरमधली हवा उभ्या गाडीतही कमी होते, महिन्याला साधारण एक ते दोन पीएसआय. वजन एकाच जागी राहिल्याने टायरचा तेवढा भाग चपटा होतो आणि गाडी चालवताना थरथर जाणवते. ब्रेकच्या डिस्कवर पावसाळ्यात एका रात्रीतही गंज चढतो. तो हलका असेल तर चार ब्रेक मारल्यावर निघून जातो. मात्र हँडब्रेक लावून गाडी महिनोन्‌महिने ठेवली, तर मागचे ब्रेक जाम होऊ शकतात.

टाकीतलं पेट्रोल

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धी टाकी रिकामी असेल, तर त्या मोकळ्या जागेतल्या हवेतला ओलावा पेट्रोलमध्ये जातो. शिवाय काही महिन्यांनी पेट्रोल स्वतःच जुनं होतं आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते.

बुरशी आणि उंदीर

आपल्याकडचा पावसाळा जोरदार. बंद गाडीत ओल कोंडली, की सीटवर, पट्ट्यांवर पांढरी बुरशी येते. त्यावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली तर आणखीच वाईट, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही.

धान निघालं, की शेतातले उंदीर घरांकडे वळतात. बोनेटखालची बंद, आडोशाची जागा त्यांना घरट्यासाठी उत्तमच. उंदरांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ते सतत काहीतरी कुरतडतात. इथे त्यांना वायरी सापडतात.

"पण आम्ही रोज पाच मिनिटं सुरू ठेवतो की!"

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांनी हेच केलं. यात फायदा कमी, तोटा जास्त. स्टार्ट करताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं उभ्या उभ्या पाच मिनिटांत भरून येईलच असं नाही. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे आत तयार झालेलं पाणी उडून न जाता ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं. त्यापेक्षा आठ-पंधरा दिवसांतून एकदा २० ते ३० मिनिटं गाडी रस्त्यावर चालवा.

चालवणारं कुणी नसेल तर?

- बॅटरीची काळी, म्हणजे मायनसची वायर काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. चावी मात्र गाडीत विसरू नका.
- टाकी भरून ठेवा. हवा पूर्ण भरा, महिन्यातून एकदा गाडी फूटभर पुढे-मागे सरकवा.
- सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक सोडलेला.
- शेड नसेल तर हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. गाडी धान्याच्या पोत्यांजवळ लावू नका.
- गाडी चालो न चालो, इंजिन ऑइल वर्षातून एकदा आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला.

बऱ्याच दिवसांनी गाडी काढताना

आधी बोनेट उघडा. घरटं किंवा कुरतडलेली वायर दिसली, तर चावी फिरवू नका, मेकॅनिकला बोलवा. सगळं ठीक असेल तर ऑइल आणि हवा तपासा. अंगणातच हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा, मगच रस्त्याला लागा. पाऊस सुरू होण्याआधी ही तपासणी केली, तर अडीनडीच्या रात्री गाडी दगा देण्याची शक्यता बरीच कमी होते.