मुक्तिफौज
(साल्व्हेशन आर्मी). लष्करी धर्तीवर बांधलेली प्रॉटेस्टंट ख्रिस्ती सेवाभावी व धर्मप्रसारक चळवळ. मुख्यालय लंडन येथे.

उगम : विल्यम बूथ (१८२९–१९१२) हे मेथडिस्ट धर्मोपदेशक. पत्नी कॅथरिन यांच्यासह त्यांनी १८६५ मध्ये लंडनच्या ईस्ट एंड या दरिद्री वस्तीत कार्य आरंभले. पुढे त्याला ‘ख्रिश्चन मिशन’ हे नाव पडले. १८७८ मध्ये एका निवेदनाच्या मसुद्यात मिशनला ‘स्वयंसेवक फौज’ म्हटले होते. ‘मी स्वयंसेवक नव्हे, कायमचा शिपाई’ अशा आशयाची हरकत बूथ यांचे पुत्र ब्रॅमवेल यांनी घेतली. तेव्हा बूथ यांनी ‘स्वयंसेवक’ खोडून ‘मुक्ती’ लिहिले आणि चळवळीला आजचे नाव मिळाले. प्रमुखाला जनरल, धर्मसेवकांना अधिकारी व सभासदांना सैनिक म्हणण्याची रीत रुजली. स्त्रियांना आरंभापासून उपदेशाचा व अधिकारपदाचा हक्क होता. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार चळवळ पाळत नाही.

चिन्हे : पहिला ध्वज कॅथरिन बूथ यांनी १८७८ मध्ये कॉव्हेंट्री येथे प्रदान केला. त्यातील लाल रंग ख्रिस्ताचे रक्त, निळी किनार पावित्र्य आणि पिवळा रंग पवित्र आत्म्याचा अग्नी दर्शवतो. ‘रक्त आणि अग्नी’ हे ब्रीद त्यावरूनच आले. मध्यभागी आधी सूर्य होता. भारतातील पारशी समाजाला सूर्य पवित्र असल्याने १८८२ मध्ये त्याजागी तारा घेतला, असे सांगतात. बोधचिन्हात वधस्तंभाला वेटाळलेले ‘एस’ हे अक्षर तारणाचे, परस्परांना छेदणाऱ्या तलवारी आध्यात्मिक संग्रामाच्या, तर मुकुट विजयी भक्ताला मिळणाऱ्या गौरवाचा द्योतक आहे. सेवाकार्याची खूण म्हणजे लाल ढाल. नाताळातील मदतपात्राची प्रथा १८९१ ची : सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ मॅकफी या अधिकाऱ्याने गरिबांच्या जेवणासाठी फेरीबोटीच्या धक्क्यावर पातेले टांगून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून नाणी गोळा केली. सैनिकाच्या मृत्यूला ‘गौरवात बढती’ म्हणतात.

कार्य : बूथ यांच्या १८९० मधील ‘इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट’ या ग्रंथात बेकारांसाठी शहरी आश्रयस्थाने, शेतवसाहती व परदेशी वसाहती अशी त्रिस्तरीय योजना होती. पांढऱ्या फॉस्फरसमुळे काडेपेटी कामगारांचा जबडा सडत असे; म्हणून १८९१ मध्ये मुक्तिफौजेने सुरक्षित लाल फॉस्फरस वापरणारा कारखाना काढला.

भारतात : १९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर व तीन सहकारी मुंबईत उतरले. टकर आधी भारतीय मुलकी सेवेत अधिकारी होते. त्यांनी भारतीय वेष पत्करला, अनवाणी चालले आणि ‘फकीर सिंग’ हे नाव घेतले. रस्त्यावरील मिरवणुकांवरून त्यांना मुंबईत अटकही झाली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील ईव्हँजलिन बूथ रुग्णालय मुक्तिफौजेचे असून, मुंबईत कुलाब्याच्या तिच्या अतिथिगृहाला ‘रेड शील्ड’ हेच नाव आहे.