कान, नीला आणि प्रतिमा : एक ऐतिहासिक टिपण

लिंबागणेश (ता. जि. बीड) परिसरात दीर्घकाळ पू येणाऱ्या कानास ‘कान फुटला’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगात पडद्याचे भोक येते; कानामागचे हाड व त्यास खेटून वाहणारी मोठी नीला येत नाही. या नीलेचे स्थान माणसागणिक बदलते, हे वैद्यकास कसे उमगत गेले याचा मागोवा प्रस्तुत टिपणात घेतला आहे.

शस्त्र लावण्यापूर्वी पाहावे, हा विचार जुनाच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १६ व्या अध्यायात बालकाच्या कानाची पाळी सूर्यप्रकाशात पाहून, उजेड आरपार दिसेल तेथेच टोचावे असे सांगितले आहे. कालिका, मर्मरिका व लोहितिका या शिरांना इजा झाल्यास होणारे उपद्रवही तेथे दिले आहेत. आपल्याकडे हे काम सोनाराकडे गेले. ‘सोनारानेच कान टोचावेत’ या म्हणीचा अर्थ आज निराळा घेतला जात असला, तरी तिच्या मुळाशी हेच हस्तकौशल्य असावे.

पाळीतून उजेड जातो, हाडातून जात नाही. श्वार्ट्झे व आयसेल यांनी १८७३ मध्ये कानामागचे हाड उघडण्याची पद्धत मांडली, तेव्हा सिग्मॉइड सायनस नेमका कोठे आहे हे हाड कोरतानाच कळे. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. पण त्या चित्रात हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सी. टी. स्कॅन झाला. पुढे पातळ छेदांच्या स्कॅनमुळे पुढे सरकलेला सायनस, मध्यकर्णापर्यंत चढलेला जुग्युलर बल्ब, क्वचित त्यावर हाडाचे कवचच नसणे, या गोष्टी शस्त्रक्रियेआधी दिसू लागल्या.

येथेच खरा वाद आहे. जुनाट कानात हाड घट्ट व सायनस पुढे आढळतो. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता? बालपणीच्या दाहाने हाडातील हवेच्या पोकळ्यांची वाढ खुंटते, असे विटमाक यांनी १९१८ मध्ये प्रतिपादिले. पोकळ्या आनुवंशिकतेनेच लहान असतात, हा प्रतिपक्ष. त्यामुळे अशा नीलेस अहवालात सरसकट ‘विकृती’ म्हणणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये, म्हणजे लंडनच्या त्या स्कॅननंतर अवघ्या तीन वर्षांनी सुरू झाले. तरीही कानात कोमट तेल घालून वर्षे काढलेला रुग्ण प्रौढपणी स्कॅनसाठी येतो, तेव्हा बालपणीच्या हाडाचा पुरावा त्या प्रतिमेत नसतो. कान प्रथम केव्हा वाहिला, हे त्याच्या आईला किंवा आजीलाच विचारावे लागते.