संघ वर चढला. आता गुरूने राहावे काय?



गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून धाराशिवास घरी आला, तो दोन मित्रांस बरोबर घेऊनच. आमचे गाव म्हणजे खोखोचे गाव. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खोखो संघाच्या कर्णधार सारिका काळे ह्या आमच्याच जिल्ह्याच्या. तेव्हा ओसरीवर खेळाची चर्चा निघाली म्हणजे ती खोखोचीच असावयाची, असा माझा समज. परंतु ही तिन्ही मुले कडाक्याने भांडत होती ती विलायतेतील एका फुटबॉल क्लबाविषयी! तो क्लब नुकताच खालच्या श्रेणीतून वरच्या श्रेणीत चढला होता, आणि ज्या व्यवस्थापकाने त्यास वर आणले त्याला आता ठेवावे की निरोप द्यावा, हा त्यांच्या वादाचा विषय. एक म्हणे, ज्याने वर आणले त्याला घालविणे ही कृतघ्नता. दुसरा म्हणे, खालच्या श्रेणीचा वैद्य वरच्या श्रेणीच्या रोगावर काय कामाचा? नातू दोन्ही डगरींवर पाय ठेवून होता. अखेर त्यांनी मला पंच नेमले. मी त्या रात्री निकाल दिला नाही. हा प्रश्न मला एकदा स्वतःच्या आयुष्यात भेटलेला आहे, त्यामुळे त्याचे उत्तर घाईने देणे मला जमले नाही. आज ते देण्याचा यत्न करतो.

ज्यांस हा खेळ फारसा परिचित नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. इंग्लंडात १८८८ साली बारा क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग स्थापन केली. चार वर्षांनी, म्हणजे १८९२ साली, तिला दुसरी श्रेणी जोडण्यात आली. आणि वर्षाच्या शेवटी खालच्या श्रेणीतील उत्तम संघांनी वर जावे व वरच्या श्रेणीतील तळाच्या संघांनी खाली यावे, ही रीत तिच्यातून हळूहळू रूढ झाली. आमच्या शाळांतील वरच्या इयत्तेत घालण्यासारखीच ही गोष्ट. फरक इतकाच की येथे नापास झालेल्यास त्याच वर्गात न ठेवता खालच्या वर्गात बसवितात. संघाची निवड, सराव व डावपेच हे सारे ज्याच्या हाती असते, त्यास तिकडे व्यवस्थापक म्हणतात. आपण त्यास प्रशिक्षक म्हणतो.

आता दूरची उदाहरणे घेण्यापूर्वी घरचे घेऊ. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांस सांगावयास नको. त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १९०९ साली जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, आणि पेशाने शाळामास्तर. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस ह्या संघाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे आले आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे जिंकला. १९५१ साली दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांत इराणचा एक गोलाने पराभव करून भारताने सुवर्णपदक घेतले. त्या संघाचे गुरूही रहीमसाहेबच.

परंतु पुढल्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये यूगोस्लाव्हियाने आपल्या संघास दहा विरुद्ध एक असे धुऊन काढले. आपले कित्येक खेळाडू तेथल्या थंडीत अनवाणी खेळत होते. १९५४ च्या मनिला येथील आशियाई स्पर्धेत संघाची सूत्रे दुसऱ्या हाती होती, आणि तेथे भारत पहिल्या गटाच्याही पुढे गेला नाही. मग रहीमसाहेबांस पुन्हा बोलावणे आले. १९५६ साली मेलबर्न येथे त्यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. मुंबईच्या नेव्हिल डिसोझा ह्यांनी एकट्याने तीन गोल केले. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातील तो पहिला संघ होय. सहा वर्षांनी जाकार्ता येथे पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून दोन गोलांनी हार पत्करलेला हा संघ अंतिम सामन्यात त्याच कोरियास २-१ असा भारी पडला. त्या वेळी रहीमसाहेबांस कर्करोगाने ग्रासले होते. १९६३ च्या जून महिन्यात ते निवर्तले.

दहा गोलांच्या पराभवानंतर ज्यांनी ‘हा गुरू नको’ असे म्हटले असेल, त्यांस आपण मूर्ख ठरवू नये. दहा गोल म्हणजे दहा गोल. परंतु रहीमसाहेबांचे खरे काम त्या फलकावर दिसणारे नव्हतेच. ते पोरासोरांच्या स्पर्धा भरवीत, आणि त्याही विलक्षण! एखादी अशी की चेंडू पायात घोळवीत न्यावयाचा नाही, मिळताच पुढे द्यावयाचा. एखादी अशी की केवळ दुबळ्या पायानेच खेळावयाचे. एखादी बुटक्या मुलांचीच. सिकंदराबादचे तुळशीदास बलरामन ह्यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या नजरेने हेरलेले. ज्याने चाळीस वर्षे खडू झिजविला आहे त्यास ह्या युक्त्यांचे मर्म चटकन कळेल. मुलाचा जो भाग दुबळा, त्यालाच कामास लावणे, हेच शिकविणे. असे काम दोन वर्षांत दिसत नाही. तसेच दोन वर्षांत नासतही नाही.

येथे माझी गोष्ट सांगतो. तेरणेच्या काठी एका लहान गावी मी सातवीपर्यंतच्या शाळेत गणित शिकवीत असे. माझे शिक्षण जुन्या अकरावीचे, म्हणजे मॅट्रिकचे, आणि त्यावर शिक्षकाची पदविका. तालुक्याच्या परीक्षांत आमच्या मुलांचे आकडे बरे येऊ लागले, तशी गावाने खटपट केली आणि शाळेस आठवीचा वर्ग मिळाला. आता तो वर्ग कोणी घ्यावा? नियमाने पदवीधर शिक्षक हवा. परंतु तो येईपर्यंत, किंवा तो आल्यावरही गणितापुरते, गुरुजींनाच ठेवा असे अर्धे गाव म्हणू लागले. मारुतीच्या पारावर बैठक बसली. मीही होतो. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, “गुरुजी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण पोरं आता तुमच्या पुढं गेली. तुम्ही खालची घडवा, वरची दुसऱ्याला घडवू द्या.” कोणी हसले नाही, कोणी विरोधही केला नाही. मी मान डोलाविली आणि घरी येऊन जेवलो नाही.

नवे शिक्षक आले. दोन महिन्यांनी ते माझ्याकडे येऊन संकोचाने म्हणाले, “गुरुजी, मुलं हुशार आहेत, पण तुम्ही घातलेल्या वाटेनेच चालतात. उदाहरण जरा उलटं मांडलं की माझ्याकडे न पाहता तुमच्या वर्गाच्या दाराकडे पाहतात.” पारावरच्या बोलण्यापेक्षा हे बोलणे मला अधिक झोंबले, कारण ते खरे होते. मुलांस मी गणित दिले नव्हते. माझे गणित दिले होते. त्या रात्री मी कृतघ्नतेची तक्रार मनातून काढून टाकली.

आता मुंबईकडे वळू. मुंबई एफ. सी. हा क्लब २००७ साली निघाला आणि २००८ साली इंग्रज प्रशिक्षक डेव्हिड बूथ ह्यांच्या हाताखाली आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून वर चढला. पुढे थोडक्याच अवधीत ह्या संघाची धुरा खालिद जमील ह्या तरुण माजी खेळाडूकडे आली. हाती पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू थोडे. तरी जमील ह्यांनी २०१६ पर्यंत तो संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरला. बचावाचाच खेळ खेळतात, संघ बुडत नाही तसा तरतही नाही, अशी टीका त्यांच्यावर होत असे. टीका अगदीच निराधार होती असे नाही. २०१६ साली क्लब आणि जमील ह्यांची फारकत झाली.

पुढील हंगामाचा हिशेब पाहा. मुंबई एफ. सी. तळाशी जाऊन श्रेणीबाहेर पडला. आणि जमील? ते मिझोरामच्या आयझॉल संघाकडे गेले होते. हा संघ आदल्याच हंगामात खाली घसरलेला. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडल्यामुळे त्यास पुन्हा जागा मिळालेली. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला बरोबरी साधून त्या संघाने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले आणि आय-लीगचे विजेतेपद घेतले! ईशान्येकडील संघास ते प्रथमच मिळाले. हेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक नेमले गेले.

ह्यावरून ‘वर आणणाऱ्यास, टिकविणाऱ्यास कधीच काढू नये’ असा सिद्धांत काढावा, तर लेस्टर आडवे येते. इंग्लंडातील हा क्लब २०१४ साली नायजेल पीअरसन ह्यांनी वरच्या श्रेणीत आणला आणि पुढील वर्षी बुडता बुडता वाचविला. २०१५ च्या जूनमध्ये क्लबाने त्यांस काढले. त्यांच्या जागी आलेल्या क्लॉडिओ रानिएरी ह्यांनी २०१६ च्या मे महिन्यात तोच संघ इंग्लंडचा विजेता केला. आणि त्यांनाही नऊ महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, नारळ मिळाला. तेव्हा उपकाराची भाषा करणारा आणि आकड्यांची भाषा करणारा, दोघांनाही इतिहास अर्धाच दुजोरा देतो.

मग फरक कोठे पडला? माझ्या अल्प मतीप्रमाणे तो असा. लेस्टरमध्ये मुख्य माणूस गेला, परंतु घर उभे राहिले. पीअरसन ह्यांनी जमविलेले बरेच खेळाडू तेथेच होते. खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श आणि सहायक प्रशिक्षक क्रेग शेक्सपिअर हेही तेथेच होते. येणाऱ्याने ते मोडले नाही, त्यावर कळस चढविला. मुंबईत मात्र घराचा खांबच एक माणूस होता. तो काढला आणि आढे खाली आले. रहीमसाहेबांच्या पश्चातही असेच काहीसे झाले. १९६० नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये आपला संघ उतरलेला नाही आणि १९६२ नंतर आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आपणास मिळालेले नाही. त्यास कारणे पुष्कळ आहेत. पण त्या गुरूची दुबळ्या पायाची स्पर्धा त्याच्यामागे देशभर कोणी चालविली, असे मला दिसत नाही.

म्हणून पंच ह्या नात्याने मी मुलांस हे सांगेन. गुरूने राहावे की जावे, हे विचारण्याआधी त्याच्या हाताखाली कोण शिकत आहे, हे विचारा. कोणीच शिकत नसेल, तर त्यास घालविणे आत्मघात आहे, आणि त्यास तसाच ठेवणे हा सावकाश आत्मघात आहे. अशा वेळी त्यास ठेवावे, परंतु वारस घडविण्याच्या बोलीवर. शिकणारे असतील, तर तो राहिला काय, गेला काय, संघ बुडणार नाही. आणि कोणत्याही परिस्थितीत, नव्या इयत्तेची एक पूर्ण परीक्षा होईपर्यंत जुन्या गुरुजींस खुर्चीवरून उठवू नये. सहामाहीच्या गुणांवर निकाल लावणारा मास्तर आणि पाच सामन्यांवर निकाल लावणारा क्लब, दोघांचीही जात एकच.

माझ्या त्या आठवीच्या वर्गातील एक मुलगी पुढे गणिताची शिक्षिका झाली. काही वर्षांपूर्वी भेटली तेव्हा म्हणाली, “गुरुजी, पाढे तुमचे, पण उलटं उदाहरण सोडवायला शिकले ते त्या नव्या सरांकडे.” मी विचारले, “मग तू कोणाच्या रीतीने शिकवतेस?” ती म्हणाली, “आता माझ्या.” पारावरच्या त्या म्हाताऱ्याचे म्हणणे मला त्या दिवशी पुरतेपणी पटले. नातवास हे पत्राने कळविले आहे; त्याच्या मित्रांचे समाधान झाले की नाही, ते पुढल्या दिवाळीस कळेल.